वेड्यांच्या इस्पितळातलं मुक्तांगण

कोकणात आणि घाटावर कोल्हापूरकडेही एक टोमणा सगळ्यांनी ऐकलेला असतो. कोणी जरा विचित्र वागलं, की त्याला रत्नागिरीला पाठवा म्हणतात. त्यात रत्नागिरी म्हणजे हापूस नसतो, मांडवीचा समुद्र नसतो, थिबा पॅलेसही नसतो. तिथे रत्नागिरी म्हणजे फक्त मनोरुग्णालय. आपण तर रत्नागिरीतच राहतो, त्यामुळे आपल्याकडे हा जोक थोडा बदलतो. आपण म्हणतो, याला भिंतीच्या आत टाकायला हवं. मारुती मंदिरला चहा पिता पिता तुम्हीही हे कधी ना कधी बोलला असाल. मी तर शंभरदा बोलले आहे.

एकदा मी ते चुकीच्या माणसाला बोलले. माझा वर्गमित्र होता. तो रोज पीत होता, रात्र रात्र झोपत नव्हता, लेक्चरला हात थरथरायचे. आम्हाला वाटलं मजा चालली आहे, मग वाटलं वाया गेला. त्याच्या डोक्यात काय चाललंय, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी एका डॉक्टरची गोष्ट ऐका. पुण्यात येरवडा या शब्दावर असेच जोक होतात. त्याच येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या रोज कामाला जायच्या. १९९७ मध्ये त्या गेल्या, म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांच्या जन्माच्या आधी. नाव डॉ. अनिता अवचट.

घर चालवणारी डॉक्टर

अनिता हे लग्नानंतरचं नाव. माहेरचं नाव सुनंदा. जवळची माणसं त्यांना शेवटपर्यंत सुनंदाच म्हणत राहिली. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये शिकताना त्यांची अनिल अवचट यांच्याशी ओळख झाली. ते जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे. दोघं डॉक्टर झाले, दोघांनी लग्न केलं. आता दोघांचा मिळून एक दवाखाना, मग हॉस्पिटल, मग बंगला, असंच तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही.

अनिल अवचट यांचं मन डॉक्टरकीत रमलं नाही. हमाल, विडी कामगार, भटके, दुष्काळात होरपळलेली माणसं यांच्यात फिरायचं आणि त्यांच्यावर लिहायचं, हे त्यांनी निवडलं. लिहिण्यातून घर चालत नसतं, हे आम्हा पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको. मग घर कसं चाललं? अनिता यांच्या सरकारी नोकरीवर. त्या पगार आणायच्या, आणि मुक्ता व यशोदा या दोन मुलींचं करणं, स्वयंपाक, घर ही कामं बऱ्याच अंशी अनिल सांभाळायचे. हे सगळं सत्तरच्या दशकातलं आहे बरं का. नवरा घरी आणि बायको ड्युटीवर हे आजही आपल्या वाडीत कोणी केलं तर चार घरांत चर्चा होईल. त्यांनी ते गाजावाजा न करता केलं.

ती नोकरी होती येरवड्याच्या मनोरुग्णालयात. डॉक्टरांमध्येही तेव्हा मनोविकार हा विषय काही मानाचा नव्हता. हार्टचा डॉक्टर मोठा, ऑपरेशन करणारा त्याहून मोठा, आणि मनोरुग्णालयातला डॉक्टर म्हणजे जणू शिक्षेची बदली. अनिता तिथे टिकल्या. ज्यांना घरच्यांनी आणून सोडलं आणि परत कोणी बघायला आलं नाही अशी माणसं त्या रोज बघत होत्या. ज्याच्याशी कोणी नीट बोलत नाही त्याच्याशी नीट बोलायचं, हे त्या तिथेच शिकल्या असणार. पुढे त्यांनी जे उभं केलं त्याचं मूळ मला तरी त्याच वॉर्डात दिसतं.

गर्द आली

आता थोडं मागे जाऊ. ऐंशीच्या दशकात मुंबईत आणि मग पुण्यात एक नवी पावडर आली. ब्राउन शुगर. मराठीत तिला नाव पडलं गर्द. ती म्हणजे हेरॉइनचंच एक भेसळयुक्त रूप. चांदीच्या कागदावर पावडर ठेवायची, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. सुरुवातीला पोरांना वाटायचं, सिगरेटसारखंच असेल. काही दिवसांत कळायचं की आता मजेसाठी नाही, त्रास होऊ नये म्हणून ओढावी लागते. नाही मिळाली तर अंग मोडून यायचं, नाक-डोळे वाहायचे, उलट्या, जुलाब, झोप नाही. पोरांच्या भाषेत याला टर्की म्हणत. ती चुकवण्यासाठी आधी घरातली भांडी विकली जायची, मग आईचे दागिने.

सरकारने १९८५ मध्ये अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला, तोच एनडीपीएस. विकणाऱ्यांसाठी तुरुंग ठरला. पण ओढणाऱ्या पोरांना न्यायचं कुठे? पोलिसांकडे नेलं तर केस. डॉक्टरकडे नेलं तर चार गोळ्या आणि भाषण. मांत्रिकाकडे नेलं तर अंगारा. घरचे शेवटी खोलीत कोंडून कडी लावायचे.

अनिल अवचट यांनी या गर्दवर लेखमाला लिहिली. पुढे त्याच नावाचं पुस्तकही आलं. लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. पु. लं.ना तुम्ही विनोदासाठी ओळखता, पण दोघं मिळून किती कामांना पैसे देत होते याची चर्चा त्यांनी कधी होऊ दिली नाही. या मुलांसाठी केंद्र उभं राहावं म्हणून त्यांनी एक लाख रुपये दिले. १९८६ मधले एक लाख.

पैसा आला, पण केंद्र पैशावर चालत नाही. लेखकाचं काम लिहून संपतं, तिथून पुढचं काम अनिता यांचं होतं. त्यांनी केंद्रासाठी जागा निवडली ती कुठली? त्याच मनोरुग्णालयाच्या आवारातली. २९ ऑगस्ट १९८६ ला तिथे मुक्तांगण सुरू झालं. ज्या आवाराच्या नावाने शहर हसत होतं, त्याच आवारात लोकांनी आपली मुलं स्वतःहून आणून सोडावीत, असं त्या म्हणत होत्या. धाडस म्हणतात ते हे.

मोठ्या मॅडम

मुक्तांगणात पेशंट हा शब्द मागे पडला. तिथे रुग्णमित्र म्हणतात. अनिता यांना सगळे मॅडम म्हणायचे, पुढे मोठ्या मॅडम. मारायचं नाही, बांधायचं नाही, पाणउतारा करायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. त्या काळी, आणि खरं सांगायचं तर आजही, व्यसन सोडवायचं म्हणजे धाक दाखवायचा अशीच समजूत आहे. त्यांची समजूत वेगळी होती. व्यसन हा आजार आहे, आणि आजारी माणसाला आपण फटके मारत नाही.

उपचाराची पद्धत हळूहळू बसत गेली. पहिले काही दिवस औषधं, शरीरातलं विष उतरेपर्यंत. मग खरं काम सुरू. सकाळी लवकर उठणं, व्यायाम, योग, आपापली कामं आपण करणं, गटात बसून बोलणं, समुपदेशकाशी एकट्याने बोलणं, गाणं, चित्रं. हा मुक्काम ३५ दिवसांचा. आणि घरी गेल्यावर संपलं असं नाही, पुन्हा पुन्हा येऊन भेटायचं. पाय घसरला तर परत यायचं, दार बंद नाही. व्यसनात पुन्हा पडणं म्हणजे नापास होणं नाही. मधुमेहात साखर पुन्हा वाढली तर डॉक्टर तुम्हाला हाकलून देतो का? तसंच आहे हे.

जे बरे झाले त्यातलेच काही पुढे तिथे काम करू लागले. नव्याने आलेल्या पोराला डॉक्टरचं पटत नाही, पण काल याच कॉटवर तळमळत असलेला माणूस आज समोर धड उभा आहे हे दिसलं की पटतं. घरच्यांनाही उपचारात घेतलं गेलं, कारण दारू एक जण पितो आणि आजारी अख्खं घर पडतं. बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे, तिथे त्या एकमेकींशी बोलतात.

एका वेळी दोन आजार

आता मुद्द्याचं बोलू, कारण याच मुद्द्यामुळे मला मोठ्या मॅडमची गोष्ट सांगावीशी वाटली. व्यसनमुक्तीचं काम एका मनोविकाराच्या डॉक्टरने मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलं, हे योग्यच झालं. कारण व्यसन पुष्कळदा एकटं येत नाही.

कोणाला आधी नैराश्य असतं, झोप येत नाही म्हणून तो पितो. दारूने झोप लागते, पण तुटक लागते, आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. मग आणखी दारू. कोणाला माणसांत जायची भीती वाटते, दोन पेग घेतले की बोलता येतं, मग पेगशिवाय बोलताच येत नाही. कोणी गांजा ओढतो आणि त्याला आपल्या मागावर कोणी आहे असं वाटू लागतं, कानात आवाज येऊ लागतात. कोणाच्या मूडचे टोकाचे चढउतार आधीपासून असतात आणि नशा त्यात तेल ओतते. आधी काय आलं, दारू की नैराश्य, हे पहिल्या दिवशी सांगणं कठीण असतं. नशा उतरल्यावर काही आठवडे बघावं लागतं. पण उपचार दोन्हींवर एकत्र करावे लागतात. एकच केलं तर दुसरं त्याला परत ओढून नेतं.

आणि नेमकं इथेच आपण माणसाला टोलवतो. मनाच्या डॉक्टरकडे गेलं तर ऐकायला मिळतं, आधी दारू सोडा, मग या. व्यसनमुक्ती केंद्रात गेलं तर ऐकायला मिळतं, हा मानसिक आहे, आम्ही घेत नाही. मधल्या मधे माणूस एसटीने फिरत राहतो.

आणखी एक गोष्ट, ही कृपा करून लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद करून त्याला खोलीत कोंडू नका. सुरुवातीला हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जण बरळू लागतात, त्यांना भिंतीवर किडे किंवा समोर माणसं दिसतात. आपल्याकडे लगेच बाहेरची बाधा म्हणतात, गाऱ्हाणं घालतात, नारळ ठेवतात. ती बाधा नसते, मेंदूला दारूची सवय झालेली असते आणि ती अचानक तुटलेली असते. वेळेत औषधं मिळाली नाहीत तर माणूस दगावू शकतो. ही हॉस्पिटलची केस आहे. देवाला नंतर सांगा, आधी गाडी काढा.

त्यांचा स्वतःचा आजार

मुक्तांगण उभं राहत होतं आणि मोठ्या मॅडमना कॅन्सर झाला. स्तनाचा. काही वर्षं त्या त्याच्याशी झगडल्या आणि उपचार घेत घेत काम करत राहिल्या. जरा थांबून विचार करा. समोर बसलेला पोरगा म्हणतोय, मला नाही जमणार, आणि ऐकणारी बाई स्वतः कॅन्सरची औषधं घेऊन आलेली आहे. तिने त्याला उपदेश करायचीही गरज नव्हती. ती तिथे येऊन बसली होती, हेच पुरेसं होतं.

१९९७ मध्ये त्या गेल्या. संस्था जेमतेम दहा वर्षांची होती. एका माणसाच्या प्रेमावर चाललेल्या संस्था माणूस गेला की बंद पडतात, हे आपण बघतो. ही पडली नाही. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर मानसशास्त्र शिकून या कामात आली आणि आज ती संस्था सांभाळते. मुक्तांगण मनोरुग्णालयाच्या आवारातून येरवड्यातच स्वतःच्या इमारतीत गेलं. स्त्रियांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग झाला, कारण बायकाही व्यसनात अडकतात आणि त्या तर आणखीच लपवतात. अनिल अवचट २०२२ मध्ये गेले. त्यांचं मुक्तांगणची गोष्ट हे पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा.

आता आपली भिंत

ज्या वर्षी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला कैदी करून रत्नागिरीत आणलं, त्याच १८८६ साली आपलं मनोरुग्णालय सुरू झालं. म्हणजे मुक्तांगणच्या बरोबर शंभर वर्षं आधी. थिबा पॅलेस आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. मनोरुग्णालयासमोरून जाताना मात्र मान वळवतो. महाराष्ट्रात सरकारची अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, नागपूर, ठाणे, पुणे आणि आपलं. लोक जिल्हे ओलांडून इथे येतात. आपण रिक्षाने पोहोचू शकतो आणि जात नाही.

तिथे जायचं म्हणजे ॲडमिटच व्हायचं असं नाही. ओपीडी असते. केसपेपर काढायचा, मनोविकारतज्ज्ञाला दाखवायचं, औषध घेऊन घरी यायचं. तिथे जायला पाय अडत असेल तर जिल्हा रुग्णालयात जा, तिथून पुढे पाठवतात. एवढंही जमत नसेल तर आधी फोन करा. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन.

नोंद होईल, नोकरी लागणार नाही, पोलीस येतील, अशी भीती वाटते ना? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचा. दारू आणि ड्रग्जच्या अतिवापरातून होणारा मानसिक त्रास त्या कायद्यात मानसिक आजारातच धरला आहे. म्हणजे सरकारी यंत्रणेतून त्यावर उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे. तुमची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार देणाऱ्यांवर बंधनकारक आहे. पेशंटला साखळीने बांधायला बंदी आहे. आणि एनडीपीएस कायद्यातही, स्वतःच्या वापरासाठी थोडा माल बाळगल्यामुळे केसमध्ये अडकलेला माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे.

खासगी केंद्रात न्यायचं ठरलं, तर पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. नोंदणी आहे का, कागद दाखवा. मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात. पहिल्या आठवड्यात रात्री फिट आली तर काय करता. आम्हाला मधे भेटू देता का. उत्तर देताना कोणी चिडलं, तर तिथून उठा.

हे चार प्रश्न मला पुस्तकातून मिळालेले नाहीत. माझ्या त्या वर्गमित्राला घरच्यांनी कुठल्याशा केंद्रात नेऊन टाकलं होतं, दुसऱ्या जिल्ह्यात. तीन महिने. डॉक्टर क्वचित यायचा, दाराला कुलूप, फोन नाही. तो परत आला तेव्हा दारू सुटली होती आणि बोलणंही सुटलं होतं. महिन्याभरात पुन्हा प्यायला लागला, कारण ज्यासाठी पीत होता ते तसंच आत होतं. कोणीतरी मग त्याच्या आईला सांगितलं, आपल्याच गावात दाखवून बघा. तिथल्या डॉक्टरने पहिल्यांदा त्याला झोपेबद्दल विचारलं, दारूबद्दल नंतर. नैराश्य होतं, वडील गेल्यापासूनचं. आता औषधं चालू आहेत. मधे दोनदा घसरला, दोनदा परत गेला.

परवा त्याची तारीख होती. एकट्याला जायला कसंतरी वाटतं म्हणाला, म्हणून मी सोबत गेले. केसपेपरच्या रांगेत आमच्या पुढे कोल्हापूरकडचे एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते, पहाटेच्या गाडीने आलेले. मला माझा भिंतीचा जोक आठवला. त्याला सॉरी म्हणायचं होतं, ते काही जमलं नाही. मी आपली दोघांचा चहा घेऊन आले.

तुमच्या ग्रुपमध्येही असा एक जण असेल. त्याला कुठे जायचं हे आता तुम्हाला माहीत आहे. सोबत जायचं का, तेवढं ठरवा.